उधई आणि आपण : काळ्या मातीतला जुना शेजार

स्मरणिका समितीनं माझ्याकडे ‘संस्थेचा पंचवीस वर्षांचा इतिहास’ हा विषय दिला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. सुरुवातीपासून कमिटीवर होतो, दोन वेळा सचिवही होतो. जुन्या इतिवृत्ताच्या वह्या काढायच्या, तारखा लावायच्या आणि लेख हातावेगळा करायचा, असा साधा हिशेब होता. कार्यालयातलं लोखंडी कपाट उघडलं. वरचा कप्पा ठीक होता. खालच्या कप्प्यातली पहिली वही हातात घेतली तर ती काही वेगळीच लागली. पुठ्ठा शाबूत, शिवण शाबूत, आणि आत कागदाऐवजी मातीची ढेप.

कपाट लोखंडाचं आहे म्हणून आपण सगळे निश्चिंत होतो. पण ते भिंतीला चिकटून ठेवलेलं, मागच्या पत्र्याला बोल्टाची रिकामी भोकं, आणि भिंतीवर फरशीपासून त्या भोकापर्यंत बोटाएवढी मातीची नळी. सुरुवातीच्या पाच वर्षांचं इतिवृत्त, वर्गणीच्या पावत्यांच्या स्थळप्रती आणि ले-आऊटचा मंजूर नकाशा, एवढं गेलं. सभासद नोंदवही वरच्या कप्प्यात होती म्हणून वाचली. नकाशाची आणि अकृषक आदेशाची नक्कल मिळावी म्हणून अर्ज केला आहे.

तेव्हा समितीला म्हटलं, ज्यांनी आपला इतिहास खाल्ला त्यांचाच थोडा इतिहास लिहितो. समितीतल्या तरुण मंडळींना ती गंमत वाटली. मला मात्र तसं वाटत नाही, कारण या गोष्टीत माझाही हात आहे. तो कसा, हे पुढे येईलच.

पुस्तकात हिला वाळवी म्हणतात, आपल्याकडे उधई. इंग्रजांनी ‘पांढरी मुंगी’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं, पण मुंगीशी तिचं नातं नाही. मुंगी ही गांधीलमाशी-मधमाशीच्या घराण्यातली, आणि उधई झुरळाच्या. शास्त्रज्ञांनी २००७ साली आनुवंशिक तपासणी करून हे पक्कं केलं की उधई म्हणजे समूहानं राहायला शिकलेलं झुरळच. खरं तर मुंगी ही उधईची मोठी वैरीण. मधमाशीत नर कामापुरता, पण उधईत राणीबरोबर राजाही आयुष्यभर त्याच कोठडीत राहतो. राणी बोटाएवढी फुगते, रोज हजारोंनी अंडी घालते आणि कित्येक वर्षं जगते. आपल्याला चौकटीवर दिसतात ते तिचे आंधळे कामकरी. दहा-वीस हजार मारले तरी जमिनीखालच्या घरट्याला त्याचा पत्ता लागत नाही. आपण पंचवीस वर्षं रॉकेलचा बोळा घेऊन जे करत आलो ते एवढंच.

तिला दोनच गोष्टी लागतात, ओल आणि अंधार. मोकळ्या हवेत, उन्हात ती वाळून मरते, म्हणून जिथं जाईल तिथं मातीचा बोगदा बांधत जाते. लाकूड पचवायची तिची रीतही नवलाची. काही जातींच्या पोटातले सूक्ष्म जीव हे काम करतात. बांधावर वारूळ करणाऱ्या आपल्या नेहमीच्या जाती मात्र जमिनीखाली चक्क शेती करतात. चावलेलं लाकूड-काडी रचून त्यावर बुरशी वाढवतात आणि तीच खातात. पावसाळ्यात वारुळाभोवती जे टेकोडे उगवतात आणि आपण आवडीनं भाजी करून खातो, ते त्याच शेतीचं पीक. मृगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी बल्बाभोवती जे पंखवाले किडे गोळा होतात तेही हेच. सकाळी अंगणात नुसत्या पंखांचा केर पडलेला असतो. त्यातली एखादी जोडी जरी भिंतीच्या कडेच्या ओल्या भेगेत शिरली तरी नवं घर वसलं. आपण मात्र लाईट बंद करतो आणि जेवायला बसतो.

आपल्या मुलखानं वारुळाला कधी शत्रू मानलं नाही. नागपंचमीला बाया वारूळ पुजतात, त्या दिवशी नांगर-कुदळ चालत नाही. रामायण लिहिणाऱ्या ऋषींचं नावच वारुळावरून पडलं, कारण वल्मीक म्हणजे वारूळ. सहाव्या शतकात उज्जैनकडे होऊन गेलेल्या वराहमिहिरानं ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात जमिनीतलं पाणी कसं ओळखावं यावर एक सबंध अध्याय लिहिला आहे. त्यात अमुक झाडाच्या अमुक दिशेला वारूळ असेल तर इतक्या पुरुष खोलीवर पाणी, असे आडाखे एकामागून एक दिले आहेत. त्यामागे निरीक्षण आहे, कारण उधईला ओल लागते आणि ओलीसाठी ती बरीच खोल जाते. सगळे आडाखे खरे ठरतीलच असं नाही. आपल्या सोसायटीची पहिली बोअर एका जाणत्यानं वारूळ पाहूनच दाखवली होती. तिला पाणी लागलं नाही, पण उधई तिथं होती हे मात्र नंतर सगळ्यांनाच कळलं.

आता जुन्या घरांकडे येऊ. शेलूबाजारात आणि भोवतालच्या खेड्यांत साठीच्या पुढच्या माणसांनी धाब्याची घरं पाहिलेली आहेत. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर कड्या, त्यावर काड्या आणि मग मातीचा थर. भिंतीची माती शेतातली काळी नसायची, गावठाणातली पांढरी असायची. ‘काळी’ पिकायची आणि ‘पांढरी’ राहायची, हा भेद आपल्या भाषेतच आहे. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात फुगते, भिंतीला ती टिकत नाही.

अशा घरात लाकूड आणि माती एकमेकांना खेटून, म्हणजे उधईला आमंत्रणच. तरी ही घरं तीन-तीन पिढ्या उभी राहिली. कशी, ते मी एका म्हाताऱ्या मिस्तरीबाबांना विचारलं. त्यांनी आपल्या पहिल्या ओळीतल्या बऱ्याच घरांच्या चौकटी बसवल्या होत्या. बाबा म्हणाले, “उधई जात नसते भाऊ. थे मातीतच रायते. आपन तिले दिसली पाह्यजे अशा जागी चढू द्याची.”

मला आधी उलगडलं नाही. मग त्यांनी तळखडा समजावला. जुन्या वाड्यात लाकडी खांब कधी सरळ जमिनीत पुरत नसत. खाली घडीव दगडाचा तळखडा आणि त्यावर खांब. आपल्याला तो शोभेचा वाटतो. पण दगडातून उधईला आतून वर जाता येत नाही. जायचं तर दगडाच्या बाहेरून, उजेडात, मातीची नळी बांधून जावं लागतं. आणि आठवड्याला जमीन सारवणाऱ्या बाईच्या नजरेतून ती नळी सुटत नसे. शेणाच्या हातानंच ती पुसून टाकी. धान्याची कणगी दगडांवर, कपड्यांची पेटी दगडांवर, सरपण घरापासून लांब. पऱ्हाट्या आणि तुराट्यांचा ढीग मागच्या वाडग्यात, भिंतीला टेकून नाही. चुलीचा धूर आढ्यापर्यंत जाऊन लाकूड कोरडं ठेवी. खांबाच्या बुडाला डांबर, आणि डांबर मिळत नव्हतं तेव्हा बिब्ब्याचं तेल. बिब्बा हाताळणाऱ्याच्या अंगाला उततो, तसा तो उधईलाही नको वाटतो.

गरिबाच्या कुडाच्या घराला यातलं फारसं काही परवडत नव्हतं. तुराट्यांचा कूड दर दोन-चार वर्षांनी बदलावा लागे आणि त्याला कोणी नुकसान म्हणत नसे, ते वर्षाच्या कामातलंच एक काम होतं. जुनं सगळं चांगलं होतं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. त्या सारवणाऱ्या बाईला त्या कामातून कधी सुटका नव्हती, हेही खरंच.

सागाची मात्र गोष्ट वेगळी. पुणे-मुंबई रस्त्यावर मळवलीजवळ भाजे आणि कार्ले इथली लेणी आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिली असतील. कार्ल्याच्या चैत्यगृहात वर पाहिलं की दगडी छताखाली लाकडी कमानी दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेलं हे लाकूड अजून जागेवर आहे. भाजे लेण्यातल्या लाकडी फासळ्यांवर ब्राह्मी अक्षरंही सापडली आहेत. सागाच्या गाभ्यात एक नैसर्गिक द्रव्य असतं, ते उधईला सोसत नाही. शिवाय लेण्यात वर, खडकाला लागून, कोरड्या हवेत ते लाकूड बसलेलं, मातीशी त्याचा संबंधच नाही. पण सागाचा हा गुण गाभ्यापुरता आहे. सालीलगतचं पांढरं लाकूड उधई आंब्याच्या फळीसारखं खाते. ‘साग घेतला होता हो, तरी लागली’ ही आपल्याकडची नेहमीची तक्रार. ती कोवळ्या, पांढरा भाग जास्त असलेल्या सागाची असते.

एवढ्या लांब जायची तरी काय गरज? आपल्या जिल्ह्यातलं कारंजा घ्या. तिथं सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या जैन परंपरांची जुनी मंदिरं आहेत, आणि त्यांच्या भांडारांत हस्तलिखित पोथ्यांचे गठ्ठे शेकडो वर्षं सांभाळलेले होते. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी सूची केली, ती १९२६ साली नागपूरहून निघाली. तिच्यात कारंजाच्या या भांडारांची नोंद आली आणि देशभरच्या अभ्यासकांचं लक्ष इकडे वळलं. दहाव्या शतकातल्या पुष्पदंत या अपभ्रंश कवीचं ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांनी संपादून १९३१ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत छापलं. अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारे प्रा. हिरालाल जैन यांनी १९३३ मध्ये ‘णायकुमारचरिउ’ आणि १९३४ मध्ये ‘करकंडचरिउ’ काढलं. आपल्या मराठीच्या आधीची भाषा कशी होती हे ज्या ग्रंथांवरून कळतं, त्यांतले काही असे इथून घटकाभराच्या वाटेवरच्या गावातून जगासमोर आले.

कारंजाची माती आपल्यापेक्षा काही वेगळी नाही आणि तिथली उधईही नाही. मग त्या पोथ्या राहिल्या कशा? कागद दोन लाकडी पाट्यांत दाबून, वर कापडाचं घट्ट वेष्टन, आणि ते कपाटात. यानं धूळ आणि कसर अडते, उधई अडत नाही. उधई अडवली ती दुसऱ्या रीतीनं. दिगंबर जैनांत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी पाळतात. त्या दिवशी शास्त्रं बाहेर काढायची, झाडायची-पुसायची, जुनी वेष्टनं बदलायची आणि पूजा करून परत ठेवायची. ज्येष्ठ शुद्ध पंचमी म्हणजे मृगाच्या तोंडावर, ऐन पावसाळ्याआधी. ज्यानं हा दिवस धरला त्याच्या मनात धर्मच असेल. पण उधईच्या दृष्टीनं याहून नेमका दिवस सापडणार नाही. वर्षातून एकदा प्रत्येक गठ्ठा हलतो, प्रत्येक कपाटाची मागची बाजू कोणीतरी पाहतं. जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकलून घेणाराही हात जोडून सांगून जातो की तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला वाचवा.

आपलं लोखंडी कपाट किती वर्षांत हललं नव्हतं, ते मी सांगत बसत नाही.

युरोपातल्या लोकांना उधई नवीन होती. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५८ साली तिला शास्त्रीय नाव दिलं तेव्हाच ‘दोन्ही इंडीजवरचं सर्वांत मोठं संकट’ असा शेरा मारला. त्याचाच शिष्य कोएनिग तंजावरकडे राहिला आणि १७७९ मध्ये त्यानं तिथल्या उधईवर तपशिलानं लिहिलं. पुढे तिनं हिसका दाखवला तो सेंट हेलेनावर, म्हणजे नेपोलियनला जिथं कैदेत ठेवलं त्या बेटावर. १८४० च्या सुमारास पकडलेलं एक गुलामवाहू जहाज तिथं मोडून काढलं, त्याच्या लाकडाबरोबर उधई बेटावर उतरली. वीसेक वर्षांत जेम्सटाउन हे मुख्य गाव तिनं असं पोखरलं की बराचसा भाग नव्यानं बांधावा लागला, आणि तिथल्या वाचनालयातली पुस्तकंही सुटली नाहीत. बांधताना मग साग आणि लोखंड वापरलं.

इकडे रेल्वेच्या स्लीपरना तीच अडचण आली. लाकूड कुजायचं आणि उधई खायची, म्हणून भारतीय रेल्वेवर ओतीव लोखंडाचे वाडग्यासारखे स्लीपर पुष्कळ वापरले गेले. यावर खरा तोडगा एका भारतीयानं काढला, आणि त्याचं नाव आपल्या मुलांना कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. सोंटी कामेशम. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत १९३३ च्या सुमारास त्यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं मिश्रण तयार केलं. ते दाबानं लाकडात भरायचं. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक किड्याला, आणि क्रोमियम त्या दोघांना लाकडात असं पक्कं बसवतं की पावसानं धुऊन जात नाही. ‘एस्कू’ या नावानं ते जगभर गेलं. विजेचे खांब, कुंपणाचे खुंट, अमेरिकेतल्या घरांचे ओटे, सगळीकडे तेच. पुढे आर्सेनिकची भीती वाढली आणि २००३ च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापरातून ते काढून घेण्यात आलं.

त्याच संस्थेत लाकडाची परीक्षा घ्यायची एक पद्धत आहे. वेगवेगळ्या जातीच्या लाकडाचे खुंट उधईच्या जमिनीत ओळीनं पुरतात आणि ठरावीक मुदतीनं उपटून पाहतात. दिसायला ते मैदान कबरस्तानासारखं, म्हणून नावही तसंच पडलं आहे. खुंट सरासरी १२० महिने किंवा जास्त टिकला तर लाकूड पहिल्या वर्गाचं, ६० ते १२० महिने दुसऱ्या, त्याहून कमी तिसऱ्या. साग पहिल्यात, आंबा तिसऱ्यात. फर्निचर करताना मिस्तरीला ‘कोणत्या वर्गाचं?’ असं विचारून पाहा, तो हसेल. पण विचारा.

स्वातंत्र्यानंतर सिमेंटची घरं आली आणि त्यांच्याबरोबर जमिनीत विष ओतायची रीत आली. ऑल्ड्रिन, डायल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर. ही औषधं मातीत वर्षानुवर्षं तशीच राहत आणि तोच त्यांचा गुण मानला जाई. इमारतींच्या उधईबंदोबस्तासाठी भारतीय मानक ६३१३ हे १९७१ साली निघालं, त्यात जोत्याखालच्या मातीत औषध किती, कुठं आणि केव्हा ओतायचं हे लिटरच्या हिशेबानं दिलं आहे. पुढं लक्षात आलं की जे मातीतून जात नाही ते दुधातून, धान्यातून आणि माणसाच्या चरबीतूनही जात नाही. १९९६ मध्ये आपल्या देशात ऑल्ड्रिन, क्लोरडेन आणि हेप्टाक्लोरवर बंदी आली. २००१ च्या स्टॉकहोम करारानं ही चारही नावं जगाच्या काळ्या यादीत टाकली. त्यांच्या जागी क्लोरपायरीफॉस आलं, आपण कपाशी-हरभऱ्याला वापरतो तेच. मग इमिडाक्लोप्रिड, बायफेंथ्रिन. ही औषधं तितकी टिकत नाहीत. म्हणजे माणसाच्या दृष्टीनं बरी, पण एकदा टाकलं आणि पन्नास वर्षं विसरलं, असं आता होत नाही.

आता आपल्या संस्थेकडे येतो.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. वाशीम आधीही जिल्हा होता, इंग्रजांनी तो १९०५ मध्ये मोडून अकोल्यात आणि यवतमाळात घातला होता, म्हणून आपली जुनी मंडळी ‘जिल्हा परत आला’ असं म्हणत. त्या उत्साहात शेलूबाजारातल्या नोकरदार आणि छोट्या व्यापारी लोकांनी मिळून संस्था काढली आणि शेतजमीन घेऊन ले-आऊट पाडलं. जागा म्हणजे काळी भारी जमीन, बांधावर बाभळी, बोरी आणि दोन मोठी वारुळं. झाडं तोडली, पण खोडं आणि मुळ्या उपटायचा खर्च वाचवला. वारुळं सपाट केली आणि वर मुरूम टाकला. जोत्याच्या भरावात सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, खुंट्या, सिमेंटच्या कागदी पिशव्या, जे सापडेल ते गेलं. जमिनीखाली उधई होती आणि तिच्यासाठी वर्षभराचं जेवण आम्हीच वाढून ठेवलं.

बांधकामाआधी कमिटीची एक बैठक झाली. विषय एकच होता, जोत्याला उधईचं औषध मारायचं की नाही. मानकाप्रमाणे जोत्याच्या आतल्या सपाट मातीला चौरस मीटरला ५ लिटर आणि पायाच्या भिंतीलगत उभ्या बाजूंना ७.५ लिटर द्रावण लागतं. घरामागचा तो खर्च एका सागवानी चौकटीच्या आसपास बसत होता. आमच्यातल्या एका इंजिनिअर सभासदांनी पोटतिडकीनं सांगितलं की आत्ता नाही तर कधीच नाही, एकदा फरशी पडली की खालची माती हाती लागत नाही. त्यांना विरोध करणाऱ्यांत मी पुढं होतो. “सिमेंटच्या घराले उधई काय खाईन, सायेब?” हे वाक्य माझं. लोक हसले. विषय नामंजूर झाला आणि त्या पैशात प्रवेशद्वाराची कमान उभी राहिली. ती कमान अजून आहे. तो ठराव ज्या वहीत लिहिला होता ती वही मात्र वर सांगितल्याप्रमाणे गेली, म्हणून स्मरणावर विसंबून इथं नोंदवून ठेवतो.

सिमेंट उधई खात नाही हे बरोबरच आहे. पण काळ्या जमिनीवरची फरशी पाच-सात वर्षांत चिरते. उन्हाळ्यात माती आकसते, पावसात फुगते, आणि जोतं आणि भिंत यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते. कामकरी उधईला मिलिमीटरभर जागा पुरते. संडास-बाथरूमच्या पाइपाभोवतीची जागा तर कायमची ओली.

पहिली चौकट गेली ती पहिल्या ओळीतल्या कोपऱ्यावरच्या घराची. रंग छान, वाजवून पाहिलं तर पोकळ, आणि अंगठा टेकवला तर आत गेला. मग एकेका घरून ऐकू यायला लागलं. प्रत्येकानं आपापला इलाज केला. कोणी रॉकेल, कोणी जळकं ऑइल, कोणी हिंगाचं पाणी, कोणी कृषी केंद्रातून डबा आणून पंपानं भिंतीवर फवारलं. वरची नळी मरायची आणि दोन महिन्यांनी शेजारच्या खोलीत निघायची, नाहीतर शेजाऱ्याकडे. यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं, तेही इतिहासात यायला हवं. ‘तुमच्याकडूनच येते’ असं दोघांचंही म्हणणं होतं आणि एका अर्थी दोघांचंही खरं होतं, कारण खालचं घरटं दोन्ही प्लॉटांखाली पसरलेलं. ज्यांना परवडलं त्यांनी चौकटी काढून ग्रॅनाइटच्या आणि लोखंडाच्या बसवल्या. मग उधई स्वयंपाकघरातल्या प्लायवूडकडे वळली.

सगळ्यात वाईट घडलं ते आपल्या एका वहिनींच्या घरी. यजमान गेल्यावर त्यांनी घराचं खरेदीखत, विम्याचे कागद आणि मुलीच्या सगळ्या गुणपत्रिका लाकडी दिवाणात, सर्वांत खाली, जपून ठेवल्या होत्या. दोन वर्षांनी मुलीच्या नोकरीसाठी दिवाण उघडला. गुणपत्रिकांच्या दुय्यम प्रती मिळाल्या, खरेदीखताची नक्कलही निघाली. पण त्याच पिशवीत यजमानांनी नोकरीवरून पाठवलेली पत्रं होती. त्यांची नक्कल कोणाकडे मागायची? वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, चोरानं नेलं असतं तर कुठंतरी आहे असं तरी वाटलं असतं.” त्या दिवसापासून ते ‘उधई काय खाईन’ मी पुन्हा बोललो नाही.

आता उपाय. बांधून झालेल्या घरालाही मानकात रीत दिलेली आहे. भिंत आणि फरशी जिथं मिळते त्या रेषेवर, आतून, दर ३० सेंटिमीटरला १२ मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि त्यातून खालच्या मातीत औषध सोडायचं. माती घेईनाशी होईपर्यंत, किंवा भोकाला जास्तीत जास्त एक लिटर. मग भोक बुजवायचं. बाहेरून घराभोवती तसाच पट्टा. चौकटीलाही भोकं पाडून औषध पाजायचं. २० टक्क्यांचं क्लोरपायरीफॉस असेल तर एक लिटरला १९ लिटर पाणी. हे काम परवानाधारक माणसाकडून, मुलं आणि गुरं लांब ठेवून, आणि बोअर-विहिरीपासून अंतर राखून करायचं. आपल्या बोअर घरांना किती खेटून आहेत हे सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा ही शेवटची अट सोपी नाही. औषधाऐवजी आमिष ठेवायची पद्धतही आता आली आहे. जमिनीत लाकडाचे डबे पुरायचे, उधई लागली की त्यात कात टाकू न देणारं औषध घालायचं, आणि कामकरी ते स्वतःच घरट्यात नेतात. ते सावकाश चालतं, महाग पडतं, पण पाण्याला धोका फार कमी.

काहीही केलं तरी एकट्या घरानं केलं तर उपयोग थोडा. ओळच्या ओळ एका वेळी धरावी लागते. म्हणूनच मी कमिटीला म्हणतो आहे की हा प्रत्येकाचा खाजगी मामला नाही, रस्ता आणि नाली यांच्यासारखा संस्थेचा विषय आहे. काहींचं म्हणणं, ज्यांना लागली त्यांनी भरावं. वरच्या ओळीत अजून दिसलेली नाही, त्यांनी दुरुस्ती निधीतून का द्यावं? प्रश्न रास्त आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मीही असाच रास्त प्रश्न विचारला होता.

शिवाय आता गाव वाढतं आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेलूबाजारला त्यावर चढण्या-उतरण्याची जागा मिळाली, आणि रस्त्यालगतच्या काळ्या वावरात नवे ले-आऊट पडायला लागले. आपल्यातल्या अनेकांची मुलं तिथं प्लॉट घेत आहेत. त्यांना एवढं जरूर सांगा की भराव टाकण्याआधी खोडं-मुळ्या काढा, जोत्यात लाकडाचा तुकडा जाऊ देऊ नका, आणि कॉन्ट्रॅक्टरनं औषध मारलं म्हटलं तर उभं राहून लिटर मोजा.

कार्यालयातलं कपाट आम्ही भिंतीपासून वीतभर पुढं ओढून चार दगडांवर ठेवलं आहे. पाठीमागची भोकं बुजवली. उरलेल्या वह्यांचे फोटो काढून तीन सभासदांच्या संगणकांत ठेवले. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रत्येक घराच्या चौकटी, पाइप आणि कपाटांच्या मागच्या बाजू बघायच्या, असं ठरलं आहे. पहिल्या वर्षी अकरा घरांनी दार उघडलं, बाकीचे लग्नाला गेले होते. येत्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक सात हाच आहे, पहिल्या दोन ओळींना एकत्र औषध मारणे आणि त्याचा खर्च. ते इंजिनिअर सभासद आता मुलाकडे पुण्याला असतात, सभेला येणार आहेत. मी त्यांच्या शेजारी बसणार आहे, आणि ठरावाला अनुमोदन माझं राहील.